चवथीला गावी जाताना घाबरट मांजर कुठे ठेवायचं? पहिल्यांदाच बोर्डिंग शोधणाऱ्यांसाठी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की पणजी, फोंडा, मडगावातल्या फ्लॅटना कुलपं लागतात आणि माणसं मूळ घराकडे निघतात. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, कपड्यांच्या बॅगा, मुलं असं सगळं गाडीत भरून होतं आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, मांजराचं काय? आदल्या आठवड्यात या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळत नाही. सगळा गोवा त्याच दिवसांत घराबाहेर पडतो, त्यामुळे बरी ठिकाणं केव्हाच भरलेली असतात. शिवाय लस राहिली असेल तर ती आठ दिवसांत अंगी लागत नाही. तेव्हा निदान दोन महिने आधी, म्हणजे आषाढ लागला की या कामाला लागा.

आमची चिंगी तिरंगी आहे, फोंड्याच्या बाजारात मासळीच्या गाळ्यामागे सापडलेली. कुकरची शिट्टी झाली तरी कपाटामागे जाते. पहिल्या वर्षी पेडण्याला जाताना मी तिला ओळखीतून कळलेल्या एका बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन मांजरं सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवलं. चकचकीत लाद्या, एसी, भिंतीवर मांजरांची चित्रं बघून मला समाधान वाटलं होतं. पाच दिवसांनी आणायला गेले तेव्हा ती लिटरच्या (शी-लघवीसाठी ठेवलेल्या रेतीच्या) ट्रेमध्ये अंग चोरून बसली होती. त्या पिंजऱ्यात लपायला दुसरी जागाच नव्हती. घरी वजन केलं तर 3.4 किलोचं 3 किलो झालेलं. तिने किती दिवस खाल्लं नाही हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही, कारण सगळ्या मांजरांच्या वाट्या एकत्र गोळा करून धुतल्या जात होत्या. ते वर्ष मी विसरलेले नाही. आता कुणी बोर्डिंगबद्दल विचारलं की मी आधी दोन गोष्टी सांगते. मांजराला लपता आलं पाहिजे, आणि त्याने काय खाल्लं, ट्रेमध्ये काय केलं हे टिपून ठेवणारं माणूस तिथे हवं. एसी नसला तरी चालेल.

आधी ठरवा, मांजराला हलवायलाच हवं का

मांजराचा जीव माणसाइतकाच जागेतही गुंतलेला असतो. ओळखीचा वास, नेहमीची खिडकी, पलंगाखालचा कोपरा शाबूत असेल तर दोन-तीन दिवस तुम्ही नसलात तरी बरीच घाबरट मांजरं निभावून नेतात. विश्वासाची शेजारीण किंवा मावसबहीण सकाळ-संध्याकाळ येऊन खाणं-पाणी, लिटर बघणार असेल आणि प्रत्येक वेळी अर्धा तास नुसती बसणार असेल, तर बोर्डिंगपेक्षा मी तोच मार्ग सुचवीन.

मात्र पाच-सात दिवसांपेक्षा जास्त जायचं असेल, मांजराला रोज औषध द्यायचं असेल, किंवा "बघते, जमलं तर येईन" असं सांगणारं माणूस असेल, तर बोर्डिंग शोधा. भर पावसात दिवसभर वीज नाही, दार फुगून बसलंय आणि येणारी आलीच नाही, असं होऊ शकतं.

मांजराला सोबत मूळ घरी न्यायचा मोह टाळा. उघडी दारं, वीस-पंचवीस माणसं, आरतीची झांज, फटाके. घाबरलेलं मांजर अनोळखी भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, शिरलं की ते सापडणं फार कठीण असतं.

मांजराची भीती ओळखा आणि कागदावर उतरवा

"आमचं मांजर घाबरट आहे" एवढं सांगून भागत नाही. कशाला घाबरतं? आवाजाला, अनोळखी माणसाला, कुत्र्याला की दुसऱ्या मांजराला? घाबरलं की वर चढतं की खाली शिरतं? चिंगी खाली शिरते, माझ्या बहिणीचा बोका फ्रिजवर चढतो. त्याला उंच फळी लागते, चिंगीला अंधारं खोकं. बोर्डिंग बघताना नेमकी तीच सोय आहे का, हे शोधायचं असतं.

त्याबरोबर आठवडाभर त्याचा नेहमीचा दिनक्रम टिपून ठेवा. किती खातं, कुठल्या वेळी, लघवी किती वेळा (मोठं मांजर साधारण दिवसातून दोन ते चार वेळा करतं), शी किती वेळा, वजन किती. वजनासाठी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. नेहमीचं काय ते माहीत असलं तरच बिघडलेलं ओळखता येतं.

लसी

ज्या ठिकाणी लसीचं कार्ड मागत नाहीत, तिथे मांजर ठेवू नका. कार्ड तुमच्याकडे मागितलं नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराकडेही मागितलेलं नसतं.

मुख्य लस तीन रोगांची असते, दवाखान्यात तिला ट्रायकॅट म्हणतात. मांजरांमधला सर्दी-ताप आणणारे दोन विषाणू, हर्पिस आणि कॅलिसी, आणि तिसरा पॅनल्यूकोपेनिया. हा तिसरा फार वाईट. उलट्या, जुलाब होऊन पिल्लं दोन-चार दिवसांत दगावतात, आणि हा विषाणू लादीच्या फटीत, लाकडात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. मोठ्या मांजराला आधी कधीच लस दिली नसेल तर तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि त्यानंतरही दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात. दोन महिने आधी सुरुवात करा म्हटलं ते यासाठी. रेबीजची लस वेगळी, तीही हवीच. "आमचं घरातलंच मांजर, कशाला?" हे मी खूपदा ऐकते. बोर्डिंगमध्ये ते घरात नसतं.

त्याच भेटीत डॉक्टरांना प्रवासाच्या भीतीबद्दल विचारा. फार घाबरणाऱ्या मांजराला निघायच्या आधी द्यायचं सौम्य औषध ते वजन बघून लिहून देतात. मनाने मात्र काही देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

फोनवर काय विचारायचं

फोनवर चार-पाच प्रश्नांतच अर्धी ठिकाणं गळतात. वेगवेगळ्या घरांतली मांजरं एकत्र सोडता का? कुत्रे ठेवता का, आणि ठेवत असाल तर त्यांचा आवाज मांजरांच्या खोलीत येतो का? रात्री तिथे कोण झोपतं? आजारी पडलं तर कुठल्या डॉक्टरकडे नेता, आणि ते रात्री फोन उचलतात का? आधी येऊन जागा बघता येईल का?

पहिल्या प्रश्नावर "हो, सगळी मस्त खेळतात एकत्र" असं उत्साहाने उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा. मांजर कळपाने राहणारं जनावर नाही. अनोळखी मांजरांत सोडलं की खेळ वाटतो तो पुष्कळदा पाठलाग असतो, आणि सर्दी किंवा ल्युकेमियाचा विषाणू सामाईक वाटीतून पसरतो. इंग्लंडमध्ये असल्या बोर्डिंगला परवाना लागतो. तिथे 2018 च्या नियमांनुसार वेगवेगळ्या घरांतली मांजरं एका कप्प्यात ठेवता येत नाहीत. आपण निदान तोंडी तरी हा आग्रह धरावा.

"आधी बघायला येऊ नका, मांजरं डिस्टर्ब होतात" हे उत्तर अर्धं खरं आहे. ठरावीक वेळ देऊन बोलावत असतील तर ठीक. कधीच येऊ देत नसतील तर तिथे काय आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

बघायला जाल तेव्हा

शक्यतो एकट्याने जा, घाई न करता, आणि पाऊस पडत असेल तर फारच चांगलं.

दारातच नाकाने सुरुवात करा. लघवीचा उग्र वास आला तर साफसफाई कमी पडते. पण फिनाईलचा घमघमाट आला तर मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे फिनाईल मारलं की जागा स्वच्छ झाली असं समजतात. मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातली रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. लादीवरचं फिनाईल किंवा डेटॉल पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं आणि ते पोटात जातं. काय वापरता, असं सरळ विचारा. आधी साबणाने धुऊन मग 32 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच, दहा मिनिटं ठेवून पुन्हा पाण्याने धुणं, असं काही उत्तर आलं तर समजा की या माणसाला काम कळतं. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू ब्लीचने मरतो, साध्या फिनाईलने त्याची खात्री नाही. पावसात गोचिड्या-पिसवांसाठी काय फवारता हेही विचारा. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

मग दारं मोजा. बाहेरचं दार आणि कप्प्याचं दार यांच्यामध्ये आणखी एक बंद दार हवं. घाबरलेलं मांजर हातातून निसटलं तरी ते व्हरांड्यातच अडकलं पाहिजे, रस्त्यावर जाता कामा नये.

कप्पा कसा हवा? मांजराला अंग ताणून उभं राहता येईल, वर फळी असेल, खाणं एका टोकाला आणि लिटर दुसऱ्या टोकाला. कप्पे समोरासमोर नकोत. समोरच्या बोक्याच्या नजरेला नजर लागून दिवसभर बसणं म्हणजे घाबरट मांजराला शिक्षा. आणि प्रत्येक कप्प्यात लपायला खोकं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांवर हे तपासून पाहिलं. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकंवाली मांजरं बरीच सावरलेली होती, बाकीच्यांना जास्त दिवस लागले. आपली चवथीची सुट्टी एवढीच, चार-पाच दिवसांची. खोकं नसेल तर मांजराचा सगळा मुक्काम भीतीतच जातो. पुठ्ठ्याचं खोकं फुकट मिळतं. "आम्ही खोकं ठेवत नाही, मांजर दिसत नाही मग" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

आता तिथे असलेली मांजरं बघा. ती जाहिरातीपेक्षा खरं सांगतात. एखादं भेदरलेलं सगळीकडेच असतं. पण बरीचशी मागच्या भिंतीला चिकटून, बाहुल्या विस्फारून बसली असतील, किंवा कुणी लिटरच्या ट्रेमध्ये बसलेलं दिसलं, तर परत फिरा. चिंगीसारखंच त्यांनाही दुसरीकडे जायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोव्यातल्या पावसाचं वेगळं बघावं लागतं. मंगळुरी कौलांखाली जागा असेल तर ती कुठे गळते? भिंतीला ओल आहे का? ओलीत नायटा चटकन पसरतो, आणि तो घरच्या माणसांनाही लागतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? जाळीच्या खाली फट आहे का? पावसात उंदरांमागे सापही घराशी येतात. आजूबाजूला काय आहे तेही विचारा. चवथीचा मंडप शेजारी असेल किंवा लग्नाचा हॉल असेल तर आतली शांतता काय कामाची! दिवाळीला ठेवणार असाल तर नरकासुराची रात्र आठवा. रात्रभर स्पीकर आणि पहाटे नरकासुराच्या पुतळ्यांचं दहन. रस्त्यालगतच्या खोलीत त्या रात्री मांजर ठेवणं मला तरी जमणार नाही.

शेवटी माणूस. खरं तर मी इथेच निर्णय घेते. माशेलच्या बाजूला एक बाई घराच्या मागच्या दोन खोल्यांत फक्त सहा मांजरं ठेवतात. मी त्यांना मावशी म्हणते. पहिल्यांदा चिंगीला घेऊन गेले तेव्हा त्यांनी कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) जमिनीवर ठेवला, दार उघडलं आणि स्वतः भिंतीला टेकून, तोंड खिडकीकडे करून बसल्या. हात पुढे केला नाही, "ये गं, ये गं" केलं नाही. चिंगीने बाहेर डोकावलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे न रोखता पाहिलं आणि हळूच डोळे मिटून उघडले. असे डोळे मिटून उघडण्याला मांजरं खरोखर प्रतिसाद देतात, हे ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात दिसलं आहे. मावशींनी तो वाचला असेल असं नाही. मग म्हणाल्या, "बाय, आज हिला कुणी हात लावणार नाही. उद्या ती सांगेल."

त्यांच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. प्रत्येक मांजराचं एक पान. "सकाळी 7, अर्धी वाटी. लघवी 1. शी नाही. खोक्यातच." "रात्री 9, पूर्ण वाटी. फळीवर आली." मी ती पानं उलटून पाहिली आणि तिथेच पैसे भरले. तुम्ही जाल तिथे अशी वही असेलच असं नाही, फोनवर नोंद असेल, फळ्यावर असेल. पण कुठेतरी लिहिलेलं दाखवता आलं पाहिजे. "सगळं लक्षात असतं हो" हे पुरेसं नाही.

एक रात्र ठेवून बघा

चवथीच्या महिनाभर आधी एखाद्या शनिवारी एकच रात्र ठेवा. तुम्ही घरीच असता, काही बिघडलं तर तासाभरात आणता येतं. मांजराला तो वास, ते दार, तो आवाज एकदा कळलेला असतो.

कॅरिअर त्याआधी दोन-तीन आठवडे हॉलमध्ये उघडा ठेवा, आत जुना टॉवेल आणि रोज थोडा खाऊ. माळ्यावरून काढलेला कॅरिअर फक्त इंजेक्शनच्या दिवशी दिसत असेल तर मांजर त्याला घाबरणारच. वरून उघडणारा घेतला तर ओढून काढावं लागत नाही. वाटेत टॉवेलने झाकून न्या. स्कूटरवर पुढे पायाशी मांजर पिशवीत घालून नेऊ नका. दिवाडी किंवा चोडणचं बोर्डिंग आवडलं तरी आधी फेरीबोटीचा विचार करा. इंजिनाची घरघर आणि रॅम्प खाली पडताना होणारा खणखणाट घाबरट मांजराला फार लागतो. पुलावरून जाणारा लांबचा रस्ता असेल तर तो मला बरा वाटतो.

सोबत काय द्यायचं

न धुतलेली चादर, जिच्यावर ते झोपतं. धुतली तर तिच्यातला घरचा वास जातो आणि तोच तर हवा असतो. नेहमीचं खाणं, मुक्कामापेक्षा तीन दिवसांचं जास्त. घरी उकडलेला बांगडा आणि भात खाणाऱ्या मांजराला तिथे अचानक कोरडे दाणे दिले तर ते उपाशी राहतं, म्हणून आधी पंधरा दिवस हळूहळू सवय लावा, नाहीतर तेच द्यायची सोय विचारा. बांगडा, तारले कच्चे देऊ नका, सांगूनही ठेवा. लिटरही घरचंच. आपल्याकडे बरेच जण रेती किंवा गिरणीतला लाकडाचा भुसा वापरतात. वासाच्या लिटरवर अशी मांजरं पाय ठेवत नाहीत, लघवी दाबून ठेवतात.

आणि एक कागद, ज्यावर तुमचा आणि गावातल्या कुणाचा तरी नंबर, डॉक्टरांचं नाव, औषधं, भीती कशाची, आणि "गरज पडली तर मला न विचारता उपचार सुरू करा, अमुक रकमेपर्यंत" असं सहीसकट. गावच्या घरी रेंज मिळेल याची खात्री नसते.

तुम्ही गावी असताना

दिवसातून एकदा मेसेज मागा, फोटोपेक्षा नोंद महत्त्वाची. व्हिडिओ कॉल करून हाका मारू नका. तुमचा आवाज येतो आणि तुम्ही दिसत नाही, याने काही मांजरं जास्त बेचैन होतात.

पहिल्या रात्री कमी खाल्लं तर घाबरू नका. पूर्ण 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, दुसराही दिवस तसाच गेला तर दवाखाना. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही, असं कळलं तर सकाळची वाट बघायची नाही. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, बोक्याची अरुंद नळी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. हे बोर्डिंगवाल्यांना माहीत आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

घरी आणल्यावर

कॅरिअर एका खोलीत ठेवा, दार उघडा, आणि तुम्ही तुमच्या बॅगा आवरा. ते आपसूक येईल. घरात दुसरं मांजर असेल तर दिवसभर वेगळं ठेवा, अंगाला परका वास असतो आणि जिवाभावाची मांजरंही अशा वेळी फिस्कारतात. पुढचे दहा दिवस शिंका, डोळ्यांतून पाणी, जुलाब यांवर लक्ष असू द्या, आणि काही दिसलं तर डॉक्टरांबरोबर बोर्डिंगलाही कळवा, तिथे अजून मांजरं असतात.

सगळं नीट पार पडलं तर त्याच दिवशी दिवाळीचं सांगून टाका, आणि कप्पाही तोच मागा. चिंगीचा ठरलेला आहे, आतल्या खोलीत डावीकडून दुसरा, खालचा. खोकंही तेच, मावशींनी ते तिच्या नावाने बाजूला ठेवलंय.